कोबीनंतरचा मका जांभळा काऊन पडला: तीन वाफ्यांचा खरिपाचा हिशोब

मंडळी, पिकांची फेरपालट (दर हंगामाला वाफ्यातलं पीक बदलणं) सुरू करून दोन हंगाम झाले, आता खरिपात काय झालं ते सांगतो. जागा तीच, बेस्याला घरामागे, दहा बाय चार फुटांचे तीन वाफे, माती आपली नागपूरची काळी, म्हणजे मे महिन्यात भेगेत अख्खा पंजा जातो आणि जुलैत चप्पल सोडत नाही.

मागच्या रब्बीत पहिल्या वाफ्यात हरभरा होता, दुसऱ्यात पत्ताकोबी, तिसऱ्यात टमाटर. जूनमध्ये पहिल्या दोघांत मका टाकला आणि मी घरी छातीठोक सांगून बसलो होतो की कोबीवाला वाफा पुढं जाणार, कारण शेणखत आणि डीएपी (स्फुरद म्हणजे फॉस्फरसवालं रासायनिक खत) सगळ्यात जास्त तिथंच पडलं होतं. झालं उलटंच. तीस दिवसांनी टेप लावला तर हरभऱ्यावरचा मका सरासरी 74 सेंमी, कोबीवरचा 49, आणि त्याची खालची पानं कडेकडेनं जांभळी. शेजारचे काका कुंपणावरून म्हणे, "रोग पडला बाप्पा, फवारा मार." रोग नव्हता, मक्याची पानं अशी जांभळी पडली की बहुतेक वेळा स्फुरद कमी पडून राहिलं असतं.

आता खत तर भरपूर होतं, मग कमी कसं? आपल्या काळ्या मातीत चुना असतो, सामू (pH) 8 च्या आसपास, त्यात स्फुरद कॅल्शियमला चिकटून बसतं, जागचं हलत नाही, आणि मूळ आपल्या अंगाजवळचं संपवलं की उपाशी. इथं मायकोरायझा बुरशी कामात येते, तिचे धागे मुळाच्या केसांच्याही कितीतरी पुढं जाऊन स्फुरद आणून देतात आणि बदल्यात झाडाकडून साखर घेतात. पण कोबी, मुळा, मोहरी हे खानदान या बुरशीशी सोयरीकच करत नाही, पालक-बीटचंही तसंच. म्हणजे रब्बीभर तिला जेवण नाही, वरून कोबी काढल्यावर फेब्रुवारी ते जून मी वाफा उघडाच ठेवला, त्या उन्हात. हरभऱ्याच्या वाफ्यात मात्र उन्हाळी काकडी होती, पाण्यासाठी आईची बोलणी खाल्ली, पण जमिनीत जिवंत मूळ राहिलं आणि बुरशी तग धरून राहिली. डीएपीनं तर अजून घोळ, स्फुरद हातासरशी मिळालं की झाडं बुरशीला भाव देत नाही.

सगळं कोबीवर ढकलत नाही, तो वाफा थोडा खोलगट आहे आणि जुलैच्या झडीत तिथं तीन दिवस पाणी साचलं होतं, त्यानंही पानं जांभळी होतात. पण साठ दिवसांनी फरक 20 सेंमीच्या आत आला, खत काहीच वाढवलं नव्हतं. कणसं मात्र आठ दिवस उशिरा भरली.

टमाटरच्या वाफ्यात बरबटी (चवळी) लावली होती, डाळवर्गीय म्हणजे चांगलंच होणार म्हणून. चाळिसाव्या दिवशी एक झाड उपटलं, मुळांवर गाठीच गाठी, मी फोटो काढून भावाला पाठवला पण! मग नखानं एक गाठ सोडवली, टपकन निघाली, फोडली तर आतून गुलाबी, म्हणजे रायझोबियम जिवाणूची आणि हवेतला नत्र (नायट्रोजन) धरायचं काम चालू, हा गुलाबी रंग लेगहिमोग्लोबिनचा. दुसरी काही केल्या निघेना, कारण ती मुळावर बसलेली नव्हती, मूळच तिथं फुगलं होतं. निमॅटोड, म्हणजे मुळात घुसून गाठी करणारा बारीक कृमी! टमाटरपासूनच असणार, त्याची मुळं मी न बघता कंपोस्टात टाकली होती, गाढवपणा. आणि बरबटीवरही तो आरामात जगतो, म्हणजे मी फेरपालट समजून त्याला दुसरं जेवण वाढून राहिलो होतो.

लगेच बरबटी काढून दाट झेंडू लावला, त्याच्या मुळांत अल्फा-टरथायनिल नावाचं द्रव्य असतं, ते या कृमीला मारतं. शोभेसाठी दोन झाडं लावून भागत नाही, अख्खा वाफा भरावा लागतो. दसऱ्याला फुलं विकत आणावी लागली नाही, घरात माझ्या प्रयोगाची तेवढीच इज्जत झाली.

आता रब्बीचं असं ठरवून राहिलोय, कोबीवाल्या वाफ्यात हरभरा, गुळाच्या पाण्यात रायझोबियमचं कल्चर लावून आणि बी सावलीत सुकवून, आणि पाकीट हरभऱ्याचंच पाहिजे, सोयाबीनचं उरलेलं चालत नाही, दोघांचे जिवाणू वेगळे. झेंडूच्या वाफ्यात कांदा, त्याची मुळं आखूड आणि कमी, म्हणून त्याला बुरशीची गरज भारी. कोबी यंदा हरभऱ्याच्या जुन्या वाफ्यात जाईल, पण दर दोन ओळींमध्ये सांभार (कोथिंबीर) पेरणार, म्हणजे बुरशीला धरायला काहीतरी मूळ राहील. डीएपीची उरलेली थैली काकांना देऊन टाकली.