आज पोहायचा पूल बंद आहे हे तिला सांगायचं कसं

नवऱ्याची लंडनला बदली झाली आणि आम्ही हॅरोला राहायला आलो. मिरजेला मी प्राथमिक शाळेत शिकवायचे, इथे काहीच काम नव्हतं, मुलगी शाळेत गेली की घर खायला उठायचं. महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत एका ताईंशी ओळख झाली, त्या स्पेशल स्कूलमध्ये टीए म्हणजे टीचिंग असिस्टंट आहेत. त्या म्हणाल्या, अगं व्हॉलंटिअर म्हणून ये आमच्याकडे, माणसं नेहमीच कमी पडतात. पण उठलं आणि गेलं असं इथे चालत नाही. आधी डीबीएस, म्हणजे तुमच्यावर काही गुन्हा वगैरे नाही ना याची तपासणी (व्हॉलंटिअरला त्याची फी पडत नाही), मग भारतातून पोलिसांचा दाखला, मग मुलांच्या सुरक्षेचं ट्रेनिंग, आणि एवढं होऊनही मुलांना हॉइस्टनं, म्हणजे उचलायच्या यंत्रानं, उचलायला मला परवानगी नाहीच, ते काम ट्रेनिंग झालेली दोन माणसं मिळूनच करतात. मला हे सगळं पटलं. जी मुलं घरी जाऊन कोणाबद्दल काही सांगू शकत नाहीत त्यांच्याजवळ कोण येतंय हे बघायलाच हवं.

माझ्या वर्गात सात मुलं आणि पाच मोठी माणसं. सगळ्या मुलांना एकापेक्षा जास्त अडचणी, बोलणारं एकही नाही. आमच्यासोबत सत्तरी ओलांडलेल्या एक ब्रिटिश आजी पण व्हॉलंटिअर म्हणून येतात. त्यांचा थोरला भाऊ असाच होता. त्या काळी अशा मुलांवर 'यांना शिकवता येत नाही' असा सरकारी शिक्का बसायचा आणि त्यांना शाळाच नसायची. १९७० चा कायदा झाला, तो १९७१ च्या एप्रिलपासून लागू झाला, तेव्हा कुठे इंग्लंडमधल्या प्रत्येक मुलाला शाळेचा हक्क मिळाला आणि तोवर त्यांचा भाऊ विशीत पोचला होता. आजी हे सगळं शांतपणे सांगतात पण ऐकणाऱ्याच्या पोटात तुटतं.

तर मला सांगायचंय ते दहा वर्षांच्या एका मुलीबद्दल. तिला डोळ्यांनी फक्त उजेड-अंधार कळतो, ऐकू बरंच कमी येतं, व्हीलचेअरवर असते, पण उजवा हात एकदम तल्लख. तिच्यासाठी वर्गात खुणेच्या वस्तू आहेत, ऑब्जेक्ट्स ऑफ रेफरन्स म्हणतात त्यांना. जेवणाआधी चमचा हातात द्यायचा, गाण्याच्या आधी छोटी घंटा, घरी जायच्या वेळी सीटबेल्टचा तुकडा, पोहायला जायचं असेल तर टॉवेलचा चौकोनी तुकडा. ती चाचपते आणि तिला कळतं आता काय होणार. काम संपलं की ती वस्तू तिच्याच हातानं झाकणाच्या लाकडी पेटीत टाकायची, म्हणजे संपलं. ही पद्धत नेदरलँड्सच्या यान फान डाइक यांची, १९६० च्या दशकात ते सिंट-मिशिल्सगेस्टेलच्या शाळेत न दिसणाऱ्या आणि ऐकू न येणाऱ्या मुलांबरोबर काम करायचे. ऐकायला सोपी वाटते पण रोज, दर वेळी, सगळ्यांनी न चुकता तीच वस्तू द्यायची म्हणजे केवढी शिस्त लागते ते तिथे बसल्यावर कळतं. आणि वर्षानुवर्षं हे एकाच दिशेनं चालू होतं, आपण द्यायची, तिनं घ्यायची. तिनं कधी कोणाला वस्तू दिली नव्हती.

गुरुवारी हायड्रो पूल, म्हणजे शाळेतला गरम पाण्याचा तलाव. त्याचं पाणी चांगलं गरम ठेवतात, ३३ ते ३६ अंशांच्या आसपास, म्हणजे आखडलेले हातपाय सैल पडतात. ही मुलगी पाण्यात गेली की तिचा चेहराच बदलतो, आठवडाभर वळलेली डावी मूठ तिथे आपोआप उघडते. त्या गुरुवारी टॉवेल हातात दिला, तिनं गालाला लावला, हसली, आम्ही कॉरिडॉरमध्ये निघालो आणि समोरून शाळेच्या इमारतीचं बघणारे काका आले. हीटिंग बंद पडलंय, आज पूल नाही.

तिला कसं सांगणार? बंद पडलंय, दुरुस्तीला माणूस येणार आहे, हे सांगायला आमच्याकडे तिच्या ओळखीची एकही वस्तू नव्हती. टीचरनं वर्गात परत आणून तिच्या शेजारी गुडघ्यावर बसून तिच्या हातानं टॉवेल पेटीत ठेवला. तिनं लगेच बाहेर काढला. परत ठेवला, परत काढला. मग ती जी ओरडायला लागली! उजव्या हातानं हनुवटीवर मारून घेत होती, एक टीए मधे तळहात धरून बसली, म्हणजे मार तिच्या हातावर बसेल. मला बघवेना. मी म्हटलं घंटा देऊ का, गाणं लावू, तिचं मन तरी रमेल. टीचर म्हणाली, "थांब. तिला राग आलाय आणि तिचा राग बरोबर आहे. आपण तिला शब्द दिला आणि मोडला. आता घंटा दिली तर तिला काय कळेल, की तिच्या बोलण्याला आपल्याकडे काही किंमत नाही."

मी इतकी वर्षं शिकवलंय, रडणारं पोर गप्प करणं हे आमचं पहिलं काम असायचं, चॉकलेट दाखव, चिमणी दाखव. इथे पाच मोठी माणसं एका मुलीच्या रागाला जागा करून देत होती. हे मी आधी कुठेच पाहिलं नव्हतं.

बऱ्याच वेळानं ती थकली, ओरडणं थांबलं. मी तिच्या उजव्या बाजूला बसले होते. तिनं हात लांब केला, माझी बाही लागली, बाहीवरून कोपर, कोपरावरून मनगट, मग माझा तळहात. माझी बोटं एकेक करून सरळ केली. दुसऱ्यांदा चाचपून बघितलं, तळहातच आहे ना. मग मांडीवरचा टॉवेल उचलून माझ्या हातात ठेवला आणि वरून माझी बोटं मिटवली, घट्ट. आणि माझा हात धरून दाराकडे ओढला.

वर्गात सगळे स्तब्ध. टीचरच्या डोळ्यांत पाणी आलं पण ती पटकन म्हणाली, "तिनं तुला विचारलंय. तिला उत्तर दे."

मी टॉवेल घट्ट धरला आणि दुसऱ्या हातानं तिचा हात धरून ठेवला, दुसरं काय करणार. तेवढ्यात टीचरनं त्या काकांना फोन करून परवानगी घेतली आणि आम्ही तिला पूलकडे घेऊन निघालो. क्लोरिनचा वास आला तशी ती खुदकन हसली, आणि मला वाटलं अरे देवा, आपण हिला आणखी फसवतोय. पण आत गेल्यावर तिलाच काहीतरी वेगळं लागलं असणार, एरवी तिथे दमट ऊब असते, त्या दिवशी हवा गारढोण होती. टीचरनं बादलीभर पूलचंच पाणी काढलं आणि तिचा हात त्यात बुडवला. तिनं झटकन मागे घेतला. मग स्वतःहून परत घातला, ठेवला, बोटं हलवली, ओला हात गालाला लावून बघितला. तिसऱ्यांदा परत. कोणी घाई केली नाही. मग तिनं बादलीच ढकलून दिली, आमचे सगळ्यांचे बूट ओले.

परत येताना ती रडली, पण ओरडली नाही. टॉवेल वाटेतच फेकला आणि नंतर मागितला नाही. जेवण अर्धंच खाल्लं. राग गेला नव्हता पण कारण तिला कळलं होतं, निदान आम्हा सगळ्यांना तसं ठामपणे वाटलं.

दुसऱ्या दिवशी स्पीच थेरपिस्ट आली आणि माझी अर्धा तास उलटतपासणी. कोणत्या हातानं दिला, त्याआधी कोणी तिच्या हाताला धक्का दिला होता का, तू हात पुढे केला होतास का तो तिनं शोधला, किती वेळ धरून ठेवला. सगळं लिहून घेतलं. इथे प्रत्येक मुलाचा ईएचसीपी म्हणून शिक्षण, आरोग्य आणि देखभालीचा प्लॅन असतो, २०१४ च्या कायद्यानं आलेला, तो वयाच्या २५ वर्षांपर्यंत चालू राहू शकतो आणि दरवर्षी त्याचा रिव्ह्यू होतो. त्यात आता 'वस्तू देऊन मागते' असं गेलं. तिच्या सगळ्या वस्तू उंच कपाटातून काढून व्हीलचेअरच्या उजव्या हाताला लावलेल्या कप्प्यात आल्या, म्हणजे मागावंसं वाटलं तर तिच्या हाताला लागायला हव्यात. आधी त्या आमच्या सोयीनं ठेवलेल्या होत्या.

संध्याकाळी तिची आई न्यायला आली तेव्हा टीचरनं सगळं सांगितलं. आई ऐकत राहिली आणि मग म्हणाली, घरी ती कित्येक महिने माझ्या मांडीवर तिचा बूट आणून ठेवते. मला वाटायचं पायातून निघाला म्हणून घालायला देतेय, मी घालून द्यायचे आणि ती रडायची. असं म्हणून ती तिथेच भिंतीला टेकून खाली बसली. टीचर पण तिच्याशेजारी फरशीवर बसली, दोघी किती वेळ बोलत होत्या.

हे मी मिरजेच्या मैत्रिणीला फोनवर सांगितलं, ती तिथे दिव्यांग मुलांच्या शाळेत आहे. आपल्याकडे पण २०१६ चा कायदा आहे, ६ ते १८ वयापर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे, पण तिच्या वर्गात वीस मुलं आणि ती एकटी. तरी तिनं पहिलं काय विचारलं असेल तर, वस्तू कुठल्या कुठल्या ते नीट लिहून पाठव. मी लिहिलं, आणि खाली ठळक लिहिलं की मुलाच्या हाताला लागतील अशा ठेव.

पूल दुरुस्त व्हायला बरेच दिवस लागले, पार्ट मिळत नव्हता. तेवढ्यात तिच्या कप्प्यात एक नवीन वस्तू आली, तिचाच लहान झालेला जुना बूट, बाहेर फिरायला जायचं म्हणून. पहिल्याच आठवड्यात गोष्टीच्या तासाला तिनं तो माझ्या हातात कोंबला, बाहेर पाऊस होता, आम्ही रेनकोट घालून गेलो.