ओव्हरहेड प्रेस, आठवडा 14: बार परत छातीपासून निघायला लागला

ओव्हरहेड प्रेस म्हणजे उभं राहून बार खांद्यांपासून डोक्यावर ढकलणं. आज 40 किलोचे तीन सेट झाले, 5-5 रेप (म्हणजे प्रत्येक सेटला पाच वेळा), सगळे कॉलरबोनपासून पूर्ण लॉकआउटपर्यंत (वर कोपर सरळ होईपर्यंत) आणि उजवा खांदा एकदाही टोचला नाही, इतकं भारी वाटतंय ना! मार्चमध्येपण लॉगमध्ये 40च लिहीत होतो पण तेव्हा बार हनुवटीच्या खाली आणला की खांद्यात पुढून सुई टोचल्यासारखं व्हायचं म्हणून तिथूनच परत वर, आणि वरपण कोपर सरळ व्हायच्या आत खाली, म्हणजे फक्त मधला तुकडा चालला होता.

फिजिओकडे गेलो. फाटलंबिटलं काही नव्हतं. त्यांनी हात वर करायला लावला आणि पाठीमागून फऱ्यावर (खांद्यामागच्या चपट्या हाडावर) बोटं ठेवली, तर फरा जवळजवळ हलतच नव्हता. हात पूर्ण वर म्हणजे साधारण 180 अंश, त्यातले 60 च्या आसपास फरा फिरल्यामुळे मिळतात, बाकीचे खांद्याच्या सांध्यातून. आणि मी बेंच प्रेसचं (बाकावर झोपून बार वर ढकलतात त्याचं) "खांदे मागे, खाली" इथेपण घट्ट धरून बसलेलो! बेंचला ते बरोबर आहे, प्रेसला नाही. इथे वर पोचल्यावर खांदे कानाकडे ढकलायचेच.

मग 25 किलोवर आलो, वाईट वाटलं पण आलो. ग्रिप थोडी आत घेतली, खालून निघताना फोअरआर्म उभा राहील इतकी, बार बोटांत नाही तर तळहाताच्या टाचेवर. डोकं आधी मागे, बार कपाळाच्या वर गेला की लगेच पुढे बारखाली. सगळ्यात अवघड म्हणजे फासळ्या खाली ठेवणं, कारण ग्लूट (नितंबाचे स्नायू) सोडले की कंबर मागे वाकते आणि प्रेसचा उभ्याने इन्क्लाइन बेंच (तिरक्या बाकावरचा प्रेस) होतो. ऑलिम्पिकमधून प्रेस 1972 च्या म्युनिकनंतर काढला तोपण याच्यामुळेच, लिफ्टर इतके मागे वाकायचे की पंचांना निर्णय देणं अवघड झालेलं.

हिंजवडीवरून तास-दीड तास स्कूटरवर आलं की पाठीचा वरचा भाग ताठ असतो, त्यामुळे आधी फोम रोलर (पाठीखाली फिरवायचा फोमचा लोड) आणि 30 सेकंद बारला लटकणं, दोनदा. बाकी खरा फरक मुद्गलाने (तालमीत फिरवतात त्या लाकडी गदेसारख्या वजनाने) पडला. पेठेतल्या तालमीत मित्राबरोबर गेलो होतो, तिथल्या वस्तादांनी माझा हात बघून सांगितलं, "बाळा, खांदा आवळू नकोस, मुद्गल पाठीमागून येताना कोपर आकाशाकडे जाऊ दे." चार किलोचा मुद्गल, प्रत्येक हाताने दहा. तिसऱ्या-चौथ्या फेरीला फरा बरगडीवरून सरकताना स्पष्ट जाणवतो, आणि त्याच्यानंतर रिकामा बार उचलला की तो आपोआप कानाच्या रेषेत जातो.

व्हिडिओत डावी कोपर अजून उजवीच्या नंतर लॉक होतेय. ती उजवीबरोबरच सरळ होईपर्यंत 42.5 किलोला हात लावणार नाही. पुढचे दोन आठवडे 40 वरच, वर दोन सेकंद थांबून.