कावळा शिवेपर्यंत

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. ठाण्यात मुलाकडे आलो की संध्याकाळी तलावपाळीला माझी एक फेरी असते. तिथल्या बाकावरच्या मंडळींना कुठून तरी कळलंय की मी गावातल्या गेलेल्या माणसांची वही ठेवतो. कोणी चेष्टेत विचारतं, कोणी आवाज खाली आणून: "गुरुजी, माणूस गेल्यावर लिहून काय उपयोग? आणि घरच्यांना तुम्ही विचारता तरी काय?" पहिल्या प्रश्नाला माझ्याकडे धड उत्तर नाही. दुसऱ्याला आहे.

आमचं गाव मुरबाड तालुक्यात, म्हशाच्या रस्त्यावरून आत. तिथल्याच आसपासच्या जिल्हा परिषद शाळांवर माझी ३१ वर्षं गेली. मास्तर म्हटल्यावर आवाज मोठा, त्यामुळे गावात कोणी गेलं की दशक्रियेला नदीवर दोन शब्द बोलायचं काम आपोआप माझ्याकडे आलं. तुमच्यापैकी ज्यांनी आमच्याकडची दशक्रिया पाहिली नसेल त्यांना सांगतो, कावळा काही घाईत नसतो. पिंड मांडून होतात, मंडळी मागे सरकतात आणि सगळे झाडांकडे बघत राहतात. तेवढ्या वेळात माईकवर पुढाऱ्यांचे शोकसंदेश, सरपंच, पतसंस्थेचे संचालक, भजनी मंडळ असं सगळं होऊन जातं. तरी कावळा नाही. मग कोणीतरी म्हणतं, "गुरुजी, कावळा शिवेपर्यंत बोला."

म्हणजे मी भरतीचा माल. माझ्याकडे शब्दही तसेच होते: प्रेमळ, मनमिळाऊ, कष्टाळू, धार्मिक वृत्तीचे, कधीही भरून न निघणारी पोकळी. एका आठवड्यात दोन दशक्रिया आल्या आणि दोन्हीकडे मी हेच बोललो. दुसऱ्या वेळी बायकांच्या घोळक्यातून एका म्हातारीचा आवाज आला, "हे तं परवाच आयकलं." माईक चालू असल्यामुळे ते सगळ्या घाटाला ऐकू गेलं.

त्यानंतर आमच्या गावची सुईण गेली. या वेळी मी तयारी करून गेलो. चार घरं फिरून माहिती काढली, दोन कागद लिहिले आणि पहिला कागद संपतो न संपतो तोच कावळा आला. "शिवला, शिवला!" सगळे उठले, आंघोळीला धावले, माईकवाल्याने वायर गुंडाळायला घेतली. दुसरा कागद खिशातच राहिला. घरी येऊन तो मी शाळेच्या एका उरलेल्या वहीत उतरवला. वहीचं पहिलं पान ते.

त्या कागदावर काय होतं? ती घाटावरची. लग्नानंतर वडिलांबरोबर नाणेघाट उतरून पायी सासरी आलेली. सुईणपण तिने चुलत सासूकडून उचललं. पैसे कधी घेतले नाहीत, पण लुगडं-चोळी, नारळ आणि शेरभर तांदूळ यात कोणी हात आखडता घेतला तर भर रस्त्यात ऐकवायची. एका पावसाळ्यात रायत्याचा पूल पाण्याखाली जाऊन कल्याण तुटलं होतं. तशा रात्री तिने एक पायाळू, म्हणजे पायाकडून येणारं, मूल सुखरूप बाहेर काढलं. ते मूल आज ठाण्यात बस चालवतं, आणि गावाला आलं की पायाळू म्हणून कंबर धरलेली माणसं त्याच्याकडून पाठीला पाय लावून घ्यायला रांग लावतात.

आणि एक होतं, तिचं माहेरचं नाव. ते तिच्या तिन्ही मुलांना ठाऊक नव्हतं. लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीने नवं नाव लिहिलं की जुनं कुठे जातं कोण जाणे. जुन्नरकडच्या एका म्हाताऱ्या भाच्याने फोनवर सांगितलं. इथे देत नाही, वहीत आहे.

मृत्यूची नोंद ग्रामपंचायतीत २१ दिवसांच्या आत करायची असते. १९६९ चा कायदा आहे तसा. त्या फॉर्मात नाव, वय, पत्ता, कधी आणि कुठे गेले, कारण काय, हे सगळं येतं. माझी त्याबद्दल तक्रार नाही, त्या दाखल्याशिवाय वारसांचं काही पुढे सरकत नाही. पण सुईणीच्या हातावर अख्खी आळी जन्मली ही गोष्ट तिथे कुठल्या रकान्यात लिहायची?

तर मी काय विचारतो. आधी कधी विचारतो ते सांगतो: पहिल्या तीन-चार दिवसांत. लोकांना वाटतं, घरात दुःख असताना मास्तर वही घेऊन कसा बसतो. पण अनुभव असा की त्या दिवसांत घरच्यांना बोलायचंच असतं, आणि तेव्हा माणूस अजून खरा असतो. पुढे दिवसागणिक तो गोड होत जातो. पाचव्या दिवशी त्याचा तापटपणा "स्पष्टवक्तेपणा" होतो, आणि बॅनरवर फोटो चढेपर्यंत तो आयुष्यात कोणाला वेडंवाकडं बोललेलाच नसतो.

दुसरं म्हणजे "ते कसे होते?" असं मी कधीच विचारत नाही. त्याला "चांगले होते" याशिवाय उत्तर येत नाही. मी विचारतो, "त्यांना काय यायचं?"

आमच्या वरच्या आळीतले एक आजोबा गेले तेव्हा मुलगा म्हणाला, काय यायचं म्हणजे, शेतीच करायचे. म्हटलं, शेतीतलं काय? तो थांबला. मग म्हणाला, "राब त्यांनाच भाजता यायचा." आणि तासभर बोलत बसला. तुमच्यातल्या शहरात वाढलेल्यांसाठी सांगतो, भाताचं रोप जिथे करायचं ती जागा उन्हाळ्यात भाजून घेतात. शेण, झाडांचे टहाळ, पालापाचोळा आणि वर मातीचा हलका थर. तण मरतं, राख मिळते आणि आवणीच्या, म्हणजे लावणीच्या वेळी रोप मुळासकट अलगद उपटून येतं. म्हाताऱ्याचं कौशल्य पेटवण्यात होतं. वारा ज्या अंगाला जातो त्या टोकाला आग लावायची, म्हणजे ती वाऱ्याच्या उलट, सावकाश सरकत येते. उलट केलं तर भसकन जळून जातं आणि खालची माती तशीच थंड. आजोबा संध्याकाळी बांधावर बसून चिमूटभर राख उडवून वारा बघायचे, आणि मनासारखा नसला तर उठून घरी जायचे. अख्खी आळी त्यांच्याकडे बघून आपापले राब पेटवायची. मुलगा सांगता सांगता म्हणाला, "आता यंदा कोणाकडे बघायचं?" दहा दिवसांत तो त्या घरात रडलेला मी तेवढाच पाहिला.

बायकांच्या बाबतीत हा प्रश्न मुलांना विचारून उपयोग नसतो. "आई घरीच असायची" एवढंच येतं. मी सुनांना विचारतो, आणि त्याहून चांगलं म्हणजे विहिरीवर तिच्या बरोबरीने पाणी भरलेल्यांना. त्या हसतात आधी. मग एकेक निघतं. कोणाला जात्यावरच्या ओव्या इतक्या पाठ की लग्नघरी हळद दळायला दुसऱ्या गावाहून बोलावणं यायचं. कोणी नवऱ्याला न कळू देता भिशी चालवून मुलीला नर्सिंगला घातलेली. एक तर व्याही-विहिणींची भांडणं मिटवण्यात इतकी तरबेज की तंटामुक्ती समितीची माणसं आधी तिच्या ओट्यावर येत. समितीत अर्थात तिचं नाव नव्हतं.

आमच्या तालुक्याला स्मरणाची सवय नाही असं नाही. सिद्धगडावर २ जानेवारी १९४३ ला स्वातंत्र्यलढ्यातले भाई कोतवाल आणि हिराजी पाटील हुतात्मा झाले, आणि दर वर्षी त्या दिवशी लोक तिथे जातात. मीही मुलांना घेऊन गेलोय. ते विसरले जाणार नाहीत. माझी वही बाकीच्यांची.

बाकीच्यांमध्येही बाकीचे असतात, हे मला उशिरा समजलं. वहीची चाळीसेक पानं भरली तेव्हा लक्षात आलं की त्यात कातकरवाडीचं, म्हणजे कातकरी आदिवासींच्या वस्तीचं, एकही माणूस नाही. वाडीत माणसं जात नव्हती का? भरपूर जात होती. पण दिवाळीनंतर निम्मी वाडी वीटभट्टीवर. कोणी भिवंडीकडे गेलं, कोणी आणखी लांब. तिथेच संपलं तर तिथेच माती. नदीवर माईक नाही, बॅनर नाही, मग गुरुजींना बोलावणार कोण? आणि बोलावल्याशिवाय गुरुजी गेले नव्हते, ही माझी चूक.

पहिल्यांदा गेलो तेव्हा एक म्हातारी नुकतीच गेली होती. तिची लेक म्हणाली, "आमचं काय लिवणार, गुरजी?" म्हटलं, तिला काय यायचं? लेक जरा घुटमळली आणि मग मला चालवतच घेऊन निघाली. पहिल्या पावसात वलगणीचे मासे कुठल्या ओहळातून चढतात, मुठे, म्हणजे शेतातले खेकडे, कुठल्या बांधात असतात, शेवळं ही रानभाजी कुठल्या उतारावर आधी फुटते. म्हातारी तीस-चाळीस वर्षं जूनमध्ये शेवळं घेऊन कल्याणला बसायची. प्रत्येक वाट्याबरोबर काकडं, ही आंबट रानफळं, द्यायची, आणि कोणी "ती नको, नुसती शेवळं द्या" म्हणालं तर विकायचीच नाही. काकडांशिवाय शेवळं घशाला खाजतात आणि उद्या बाई म्हणेल कातकरणीने खराब भाजी दिली, हा तिचा हिशेब. तुमच्यातल्या कोणी कल्याणच्या बाजारात हट्टाने काकडं गळ्यात मारणाऱ्या म्हातारीशी घासाघीस केली असेल तर ती हीच असू शकेल. वय किती, हे मात्र कोणाला सांगता आलं नाही. मी जागा कोरी सोडली आहे.

हल्ली विचारतात की मोबाईलमध्ये सगळ्यांचे व्हिडिओ असताना वही कशाला. असू देत की. गावाच्या ग्रुपवर कोणी गेल्याचं कळलं की तासाभरात साठ जण हात जोडलेली चित्रं टाकतात, आणि त्यातला एखादा मग मला खाजगीत विचारतो, "गुरुजी, हे नक्की कोण?"

शेवटचं, कोणाला विचारायचं. घरच्यांना विचाराच, पण ज्याच्याशी त्या माणसाचं पटत नव्हतं त्याला चुकवू नका. मागच्या वर्षी आमच्याकडचे एक गृहस्थ गेले, सगळे त्यांना भाऊ म्हणायचे. बांधावरून शेजाऱ्याशी बावीस वर्षं दावा चालला होता, दोघं तारखेला एकाच एसटीने जायचे आणि एकमेकांशी बोलायचे नाहीत. मी शेजाऱ्याकडे गेलो तर त्याने आधी चहा टाकायला सांगितलं. मग म्हणाला, "लिहा. त्याच्यासारखा सरळ बांध तालुक्यात कोणी घालत नव्हतं. दोरीला दोरी. फक्त माझ्यात एक हात आत घालायचा." भाऊंच्या घरच्यांनी न सांगितलेलं बरंच काही त्याने सांगितलं. तारखेला जाताना ते खिशात दोन भाकऱ्या ठेवायचे आणि एक न खाता परत आणायचे, हेही त्यालाच ठाऊक होतं.

पान लिहून मी भाऊंच्या मुलाला वाचून दाखवलं. तो म्हणाला, सगळं ठीक आहे, ते एक हाताचं तेवढं काढा. मी काढणार नव्हतो, पण विचार करतो म्हणालो. कसं कोण जाणे, ते शेजाऱ्याच्या कानावर गेलं आणि दुसऱ्या दिवशी तो सकाळीच दारात.

"गुरुजी, एक हात लिहिलंय म्हणे तुम्ही?"

"तुम्हीच सांगितलंत."

"तेव्हा तो नुकता गेला होता म्हणून कमी सांगितलं. दीड हात आहे. चला, मोजून घ्या."

गेलो त्याच्याबरोबर. भाऊंचा मुलगाही आला, दुसरं टोक धरायला कोणी हवं म्हणून. तिघांनी मिळून मोजलं. सव्वा हात भरला. तसं लिहिलं आहे.