तिथीची पाऊणपट

२६ मे २०२१. बुद्धपौर्णिमा, त्यात चंद्रग्रहण, आणि तिकडे ओडिशात 'यास' चक्रीवादळ किनाऱ्याला लागत होतं. कोकणातल्या बागायतदारांना आणि मच्छीमारांना फोनवर हवामानाचा सल्ला द्यायचा, ही माझी नोकरी. लॉकडाऊनमुळे तीही कोथरूडच्या स्वयंपाकघरातून.

सकाळीच श्रीवर्धनहून एका काकांचा फोन. "ताई, टीव्ही बघताय ना? वादळ चंद्राच्या ओढीनंच येतं. ते 'निसर्ग' वादळ आठवा, वटपौर्णिमेच्या दोन दिवस आधी!"

३ जून २०२० ला त्यांची निम्मी सुपारी आडवी झालेली. त्यामुळे वाद घालायची हिंमत नव्हती. पण आई जुनी कॅलेंडरं फडताळात अंथरते. डाळीचे डबे सरकवून मी २०१९चं काढलं. दुधाच्या हिशेबाशेजारी लक्ष्मीपूजन, २७ ऑक्टोबर. ऐन अमावास्येच्या त्या दिवसांत 'क्यार' महाचक्रीवादळ झालं, आणि गेलं कुठे तर ओमानच्या दिशेला.

"आणि काका, तौक्ते आत्ता १७ तारखेचं. पंचमी-षष्ठी. तरी आपला किनारा घासत गुजरातेत घुसलंच ना?"

मग माझं नेहमीचं पाठ केलेलं: वादळाला वाट दाखवतात ते काही किलोमीटर उंचीवरचे वारे आणि आजूबाजूचे जास्त दाबाचे पट्टे. चंद्रामुळे हवेचा दाब हलतो, पण जेमतेम दशांश मिलिबार.

काका थांबले. "बरं, वारा चंद्राचा नसेल. पाणी कुणाचं? तौक्तेला भांगाची लहान भरती जवळ आली होती म्हणून होडी वाचली. उधाण असतं तर?"

खरं तर गप्प मीच झाले. समोर टीव्हीवर बंगालमधल्या दिघ्याच्या रस्त्यावरून समुद्र वाहत होता: वाऱ्याने लोटलेलं पाणी पौर्णिमेच्या भरतीवर चढलेलं. काका वाऱ्याच्या वाटेबद्दल बोलत नव्हतेच बहुतेक. मीच तसं ऐकलं.

"आज भरती कधी, सांगा बघू."

"तक्ता बघून सांगते."

"तक्ता कशाला? तिथीची पाऊणपट करा."

पौर्णिमा म्हणजे पंधरावी तिथी. पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. घड्याळात दहा वाजून गेले होते. आमच्या फॉर्ममध्ये वारा, पाऊस, तापमान, आर्द्रता असे रकाने. भरतीला रकानाच नाही. शेवटी 'शेरा'मध्ये टाइप केलं आणि त्यांना वाचून दाखवलं: उधाण, भरती सव्वाअकराच्या सुमारास, होडी वर ओढून ठेवावी.

"ती कालच ओढलीय," काका म्हणाले.