जात्यासाठी उठलेलं गाव: आईबरोबर स्मिथफील्ड ते सेंट ऑल्बन्स

आई लंडनला आली मे एंडला, दोन महिन्यांसाठी. पहिल्या पंधरा दिवसांत टॉवर झाला, बकिंगहॅम झालं, म्युझियम झालं, कोहिनूर बघून "आपलाच आहे" असं मोठ्यांदा बोलूनही झालं. मग एका रात्री भाकरी थापता थापता म्हणाली, "सगळं राजाराण्यांचंच दाखवतेस. ह्यांच्याकडं शेतकरी नव्हते का?"

आता हिला काय सांगू. ऑफिसला जाताना मी रोज फॅरिंग्डनला उतरते आणि स्टेशनपासून पाच मिनिटांवर स्मिथफील्ड आहे, जिथे इंग्लंडच्या शेतकऱ्यांचा सगळ्यात मोठा उठाव एका संध्याकाळी संपला. आठ महिने मी त्याच्या शेजारून कॉफी घेऊन जातेय. म्हटलं चल, शनिवारी तेच बघू.

शनिवारी स्मिथफील्डला शुकशुकाट असतो. तिथला मटणाचा होलसेल बाजार आठवडाभर रात्रीचा चालतो आणि वीकेंडला बंद, त्यामुळे लोखंडी कमानींखाली फक्त कबुतरं. समोर सेंट बार्थोलोम्यू हॉस्पिटलची भिंत आहे, भिंतीवर स्कॉटलंडच्या विल्यम वॉलेसची पाटी, त्याला १३०५ मध्ये इथेच मारलं, आणि त्याच परिसरात १३८१ च्या उठावाची पाटी, जी लावायला २०१५ उजाडलं. ६३४ वर्षं! त्याच हॉस्पिटलच्या दारावर आठव्या हेन्रीचा पुतळा मात्र कधीचा ऐटीत उभा आहे.

मधल्या गोल बागेत बाकावर बसलो, डब्यातले मेथीचे पराठे काढले आणि मी आईला गोष्ट सांगायला घेतली.

१३४८-४९ मध्ये प्लेग आला आणि इंग्लंडमधली निदान एक तृतीयांश माणसं गेली, काही जण तर निम्मी म्हणतात. मजूर कमी झाले म्हणजे मजुरी वाढणार, साधा हिशोब आहे, पण सरकारनं १३५१ मध्ये कायदाच केला की मजुरी प्लेगच्या आधीएवढीच घ्यायची, जास्त मागितली तर गुन्हा. त्यात बरेचसे शेतकरी वेठीचे, म्हणजे मालकाच्या शेतात फुकट राबायचं, त्याच्या परवानगीशिवाय गाव सोडायचं नाही, पोरीचं लग्न केलं तरी मालकाला पैसे द्यायचे. आणि वरून फ्रान्सबरोबरच्या लढाईच्या खर्चासाठी डोईपट्टी. १३७७ ला माणशी ४ पेनी, आणि १३८० च्या शेवटी ठरली ती १२ पेनी, पंधरा वर्षांवरच्या प्रत्येकाला, शेतमजूर असो की सावकार.

"सगळ्यांना सारखीच?" आईनं पराठा खाली ठेवला. "मग पेटणारच की."

पेटलंच. मे संपताना एसेक्समध्ये वसुलीवाल्यांना हाकललं, मग केंट उठलं, तिथे वॉट टायलर पुढे आला. जॉन बॉल नावाचा पाद्री होता, लोकांसमोर म्हणायचा की आदम जमीन खणत होता आणि ईव्ह सूत कातत होती, तेव्हा सरदार कोण होता? १३ जूनला हजारो लोक लंडनमध्ये घुसले आणि राजाच्या काकाचा सेव्हॉय पॅलेस जाळला, पण त्यातली एक गोष्ट मला फार आवडते, चोरी करायची नाही असं त्यांचं ठरलं होतं. एकानं चांदीचा तुकडा लपवला तर त्याच्याच लोकांनी त्याला आगीत टाकला. (आवडते म्हणजे, कळलं ना तुम्हाला.) दुसऱ्या दिवशी राजा माइल एंडला भेटला, वेठ रद्द म्हणाला, तीसेक कारकून सनदा लिहायला बसवले. त्याच दिवशी लोकांनी टॉवरमध्ये शिरून आर्चबिशप सडबरीचं मुंडकं उडवलं, हा माणूस राज्याचा चान्सलर, म्हणजे बडा मंत्री पण होता आणि डोईपट्टीचा राग त्याच्यावर निघाला.

आणि १५ जून १३८१, शनिवार, इथे स्मिथफील्डला. राजा दुसरा रिचर्ड, वय वर्षं चौदा. वॉट टायलर घोड्यावरून आला, राजाचा हात धरून हलवला, भाऊ म्हणाला, मागण्या सांगितल्या, मग उकडतंय म्हणून पाणी मागवलं आणि राजासमोर खळखळून चूळ भरली. ही चूळ त्या काळच्या बखरीत लिहून ठेवलीय बरं का, लिहिणाऱ्याला मागण्यांपेक्षा चुळीचाच धक्का जास्त बसलेला दिसतो. मग बाचाबाची झाली, लंडनच्या मेयरनं, विल्यम वॉलवर्थनं, खंजीर चालवला. जखमी वॉटला लोकांनी ह्या हॉस्पिटलात नेलं, मेयरनं तिथून ओढून बाहेर काढून मारलं.

"आणि सनदा?"

"२ जुलैला रद्द."

आईनं डबा बंद केला. "चौदा वर्षांचं पोरगं. कुणीतरी शिकवलं असणार."

मी प्लॅन इथपर्यंतच केला होता. पण त्याच दिवशी, त्याच शनिवारी सेंट ऑल्बन्समध्ये जे झालं ते मला अर्धवट माहीत होतं, आणि फॅरिंग्डनवरून सेंट ऑल्बन्सची थेट ट्रेन आहे, अर्धा तास पण लागत नाही. आईला म्हटलं, अजून एक गाव बघू, तिथे जात्यावरून भांडण झालं होतं. "जात्यावरून?" म्हणाली आणि माझ्या आधी उठली.

सेंट ऑल्बन्स मस्त गाव आहे. शनिवारचा बाजार भरलेला असतो, आम्ही स्ट्रॉबेरी घेतल्या आणि खात खात खाली कॅथीड्रलकडे गेलो. हे पूर्वी मोठं मठ होतं आणि गाव मठाच्या मालकीचं, म्हणजे महंत हाच जमीनदार. मठाच्या गिरण्या होत्या आणि नियम असा की दळण मठाच्याच गिरणीत आणायचं आणि त्यातला वाटा मठाला द्यायचा. घरी जातं ठेवायचं नाही. कापड कुटायलासुद्धा मठाचीच गिरणी. ह्यावरून गावात पिढ्यानपिढ्या भांडणं, १३२७ मध्ये तर गावानं मठाला वेढा घालून हक्क लिहून घेतले आणि घरोघरी जाती बसवली.

मग महंत आला रिचर्ड ऑफ वॉलिंगफर्ड. लोहाराचा मुलगा, ऑक्सफर्डला शिकलेला, प्रचंड हुशार, ग्रहताऱ्यांची गती दाखवणारं घड्याळ बनवणारा, युरोपातल्या मोठ्या गणितींमध्ये त्याचं नाव घेतात. अंगात कुष्ठरोग होता म्हणतात, तरी माणूस थांबला नाही. ह्या हुशार माणसानं गावाचे हक्क परत काढून घेतले, घराघरातली जाती जप्त केली आणि मठात जिथे पाहुणे भेटायला येत त्या खोलीत फरशी म्हणून बसवली.

मी हे गेटहाऊससमोर उभं राहून सांगत होते. गेटहाऊस १३६० च्या दशकातलं, भक्कम चकमकीच्या दगडाचं, उठावाच्या वेळी ते उभं होतं, नंतर तुरुंग झालं, आता शाळेकडे आहे. आईनं मला मध्येच थांबवलं.

"फरशी म्हणजे? पायाखाली?"

"हो."

"जात्यावर पाय देऊन चालायचा तो?"

आमच्याकडे, म्हणजे संगमनेरकडच्या गावात, जात्याला पाय लागला तर नमस्कार करायचा, एवढं मला पण आठवतं. लग्नात पहिली हळद जात्यावर, जात्याला सुपारी बांधायची. आजी पहाटे दळायला बसायची तेव्हा खुंट्याचा करकर आवाज आणि तिची ओवी, त्यात मी परत झोपायचे. आई सांगायची की जात्याला टाकी घालायला बाई यायची, छिन्नी-हातोडी घेऊन, आणि टाकी नीट बसली नाही की पिठात कच येते. आईच्या डोक्यात ते सगळं त्या क्षणी आलं असणार, कारण ती गेटकडे बघत एकदम गप्प झाली.

तर गावाचा पुढारी विल्यम ग्रिंडकॉब लंडनला राजाकडे जाऊन परत आला होता आणि १५ जूनला राजाचं पत्रही गावात आलं. गंमत म्हणजे गावाच्या बाजूच्या पुढाऱ्यांमध्ये पण एक रिचर्ड ऑफ वॉलिंगफर्ड होता, नाव सेम, पन्नास वर्षांपूर्वीच्या महंताशी संबंध नाही. लोक मठात शिरले, खोलीतली फरशी उखडली, जाती बाहेर आणली, फोडली आणि एकेक तुकडा प्रत्येकाला वाटला. मठातलाच एक भिक्षू, थॉमस वॉल्सिंगहॅम, ह्या सगळ्याची बखर लिहून गेलाय आणि तो लोकांच्या नावानं बोटं मोडत लिहितो, की चर्चमध्ये रविवारी मंत्रलेली भाकर वाटतात तसे तुकडे वाटले.

"प्रसाद," आई म्हणाली.

अजून एक. शिकारीचा हक्क मठाचा होता, तर लोकांनी एक जिवंत ससा पकडून गावात शिक्षेच्या खांबाला बांधला, की आता रान आमचं. आणि महंताकडे हट्ट धरला की हजार वर्षांपूर्वीच्या, बरं हजार नाही पण सहाशे, ऑफा राजाची सनद काढा, तिच्यातली अक्षरं एक आड एक निळी आणि सोनेरी आहेत. असा कागद नव्हताच. पण आपले हक्क आपल्याला कुणीतरी कधीतरी रंगीत अक्षरात लिहून दिलेत, हे गावात पोरापोरींना माहीत होतं.

कॅथीड्रल आतून बघायला तिकीट नाही, दान पेटीत टाकायचं. १३८१ ला जो महंत होता, थॉमस द ला मेअर, त्याची पितळी प्रतिमा तिथे आहे, उंच, बारीक कोरीवकामाची. आईनं निरखून बघितलं, "काम चांगलंय" म्हणाली, नमस्कार केला नाही. एरवी ती कुठल्याही देवळात-चर्चमध्ये करते.

मग बाहेर दक्षिणेला गेलो. मठाच्या बाकी इमारती तिकडे होत्या, १५३९ ला मठ बरखास्त झालं आणि त्या गेल्या, आता चर्चच्या बाहेरच्या भिंतीवर जुन्या कमानींच्या खुणा आणि खाली हिरवळ. जात्यांची ती खोली, ते घड्याळ, काही नाही. एक बाप पोराला सायकल शिकवत होता. आई हिरवळीच्या कडेनं चालत होती, मध्ये गेली नाही.

शेवट तसाच झाला जसा होतो. जुलैमध्ये चौदा वर्षांचा राजा स्वतः सेंट ऑल्बन्सला आला. जॉन बॉलला इथेच फाशी देऊन त्याचे तुकडे केले, १५ जुलै १३८१, बरोबर एक महिन्यानं. ग्रिंडकॉबला आधी जामिनावर सोडलं होतं, गावाला समजावून सनदा परत दे म्हणून. त्यानं गावात येऊन उलटंच सांगितलं, माझा विचार करू नका, मिळालंय ते सोडू नका. त्यालाही फाशी. गावकऱ्यांनी प्रेतं गुपचूप उतरवली तर राजाच्या हुकमानं त्यांनाच परत टांगायला लावली, साखळ्यांनी, स्वतःच्या हातानं. हे मी आईला सांगितलं नाही. इथे लिहितेय.

गेटहाऊसपासून ॲबी मिल लेन नदीकडे उतरते, नावातच गिरणी आहे. व्हर नदी म्हणजे आपला ओढाच, पण ह्याच पाण्यावर मठाची गिरणी चालायची. पुढे तिथे रेशमाची गिरणी झाली, आता फ्लॅट्स. आई काठावर बसली आणि राहिलेल्या स्ट्रॉबेरी संपवल्या.

"वाटा किती घ्यायचा दळणातला?" तिनं विचारलं. मला सांगता आलं नाही. "पायलीला चिपटं घेतलं तरी वर्षाचं किती होतं बघ," म्हणाली आणि बोटांवर मोजत राहिली.

परतीच्या ट्रेनमध्ये ती खिडकीबाहेर बघत होती. वेस्ट हॅम्पस्टेड गेल्यावर एकदम म्हणाली, "दादाला फोन लाव."

आपल्याकडे रात्रीचे साडेदहा वाजले होते. दादा घाबरून उठला. आईनं स्पीकर लावला, अख्खा डबा ऐकत होता. "अरे, न्हाणीपुढं ती गोल फरशी आहे ना, आजीच्या जात्याची तळी. ती काढ."

"आई, ती सिमेंटमध्ये बसवलीय. पप्पांनी बसवली होती. निघायची नाही आता."

"पहारीनं निघते," आई म्हणाली. "मी येईपर्यंत काढून ठेव. आणि फोडू नको."