उरलेली बीअर, शेंबड्या आणि नऊ रात्री

झेंडूची चोवीस रोपं लावली होती. चौथ्या दिवशी सकाळी बघते तर सात रोपांचे नुसते देठ उभे, आणि वाफ्यात इकडून तिकडे सुकलेल्या चिकट रेघा चमकतायत. शेंबड्या! बिनशंखाच्या गोगलगायी. दिवसभर पालापाचोळ्याखाली दडून बसतात आणि रात्री कोवळं ते सगळं फस्त करतात.

घरात पाहुणे येऊन गेल्यावर उरलेली बीअर होती. चार-पाच बाटल्यांच्या तळाशी थोडी थोडी, गॅस पार गेलेली. ज्याला विचारावं तो सांगत होता, "वाटीत बीअर ओता, वाटी मातीच्या पातळीला पुरा, झालं." या ‘झालं’वर माझा अजून राग आहे. कारण त्यापुढे माझ्या नऊ रात्री गेल्या.

पहिल्या रात्री उथळ वाटी पुरली. सकाळी वाटीत एकही शेंबडी नाही, आणि शेजारची आणखी दोन रोपं गायब. दुसऱ्या रात्री तेच. तिसऱ्या रात्री बॅटरी घेऊन वाफ्यापाशी जाऊन बसले, म्हणजे काय ते एकदाचं कळेल. साडेदहाच्या सुमारास एक आली. बोटभर लांब, मातकट रंगाची. वाटीच्या काठावर थांबली, पुढची दोन्ही शिंगं आत बाहेर केली, मग डोकं खाली घालून बराच वेळ पीत राहिली. आणि पिऊन झाल्यावर सरळ वळून निघून गेली, माझ्या रोपाकडे! म्हणजे मी सापळा लावलाच नव्हता, पाणवठा उघडला होता.

मग खोल, उभ्या भिंतीचा प्लॅस्टिकचा डबा घेतला आणि पुन्हा मातीच्या पातळीलाच पुरला. सांगितलं होतं ना तसं! सकाळी दोन शेंबड्या मिळाल्या, पण त्यांच्यासोबत पाच काळे भुंगेरेही बुडून मेलेले. जमिनीवर पळणारे हे भुंगेरे शेंबड्या आणि त्यांची अंडी खातात. माझ्या बाजूने लढणारेच मी मारत होते. त्या सकाळी फार वाईट वाटलं. त्यानंतर डब्याचा काठ मातीच्या दोन सेंटिमीटर वर ठेवला. शेंबडी चढून येते, भुंगेरा काठाला अडून वळतो. एवढी एक गोष्ट पहिल्याच दिवशी कुणी सांगितली असती तर!

तरी दोन रात्री पावसात गेल्या. बीअर पाणचट झाली की वास जातो, आणि शेंबड्या वासावरच येतात, आंबलेल्या यीस्टच्या. दारूचा त्यात फारसा वाटा नाही. कोलोरॅडो स्टेट विद्यापीठाचे कीटकशास्त्रज्ञ व्हिटनी क्रॅनशॉ यांनी वेगवेगळ्या बीअर ठेवून पाहिल्या, तेव्हा मद्यार्क नसलेलं माल्टचं पेयही शेंबड्यांना आवडलेल्यांत होतं. त्यामुळे चांगली बीअर यासाठी विकत आणू नका. मी डब्याला झाकण लावलं आणि काठाखाली बाजूने बोट जाईल एवढी भोकं पाडली. नवव्या रात्रीनंतर सकाळी झाकण उघडलं तर आत अकरा! मी तिथेच उभी राहून दोनदा मोजल्या.

एक डबा साधारण मीटरभराच्या आतल्याच शेंबड्या ओढतो, म्हणून लांब वाफ्याला दोन-तीन लागतात. दर दोन-तीन दिवसांनी बीअर बदलायची. जुनी, त्यातल्या शेंबड्यांसकट, कंपोस्टच्या ढिगात. ढीग कोरडा पडला असेल तर त्याला तेवढीच ओल मिळते.

बाकीचे उपयोग पहिल्याच फटक्यात जमले. फळांवरच्या चिलटांसाठी बरणीत दोन बोटं बीअर आणि भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब. साबणाने पृष्ठताण मोडतो आणि चिलटं वर तरंगत न राहता बुडतात. तांब्याच्या भांड्याचा काळपटपणाही थोडा कमी झाला, कारण बीअर सौम्य आम्लधर्मी असते. पण भांडं लगेच स्वच्छ धुवायचं, नाहीतर चिकट राहतं.

कुंडीत मात्र खत म्हणून ओतू नका. मी एका कुंडीत पेलाभर ओतली होती. आठवड्यात मातीवर पांढरी बुरशी आली आणि बारीक माश्या घोंगावू लागल्या. बीअरमधल्या साखरेवर बुरशीच पोसली जाते.

आणि हे आधीच सांगायला हवं होतं, घरात कुत्रा असेल तर झाकण घट्ट बसतंय ना ते बघा. कुत्र्यांना बीअरचा वास आवडू शकतो आणि मद्यार्क त्यांना विषासारखा बाधतो. मी झाकणावर वीट ठेवते.