आडनाव दाट, तेच मूळ गाव?

आडनावाचा नकाशा उघडला की पुढचा प्रश्न ठरलेला: ‘जिथे आमचं आडनाव सगळ्यात दाट, तेच आमचं मूळ ठिकाण ना?’ तुम्हीही तेच विचारलंत म्हणून सांगतो. आधी बघा, नकाशा मोजतोय काय. नुसती डोकी मोजली असतील तर तो बाजूला ठेवा. त्यात जवळपास कुठलंही आडनाव महानगरातच दाट दिसणार. दर दहा हजारांमागे किती, ते हवं.

तेवढ्यानेही भागत नाही. गावावरून पडलेलं आडनाव बहुधा गाव सुटल्यावरच चिकटतं. गावात सगळेच त्या गावचे, मग त्या नावाने हाक मारायची कोणाला? हंगेरीत होर्वाट हे आडनाव पैशाला पासरी, आणि अर्थ काय, तर क्रोएशियाचा माणूस! आयर्लंडमधल्या वॉल्शचा अर्थ वेल्सकडचा. ही नावं शेजाऱ्यांनी ठेवलेली. दाटी दिसते ती पाहुणा उतरला तिथे.

माझा लाडका नकाशा मात्र फिलिपिन्सचा. तिथे गावोगाव देला क्रूझ आणि दे लोस सांतोस इतके झाले होते की करवसुलीत कोण कोणता, ते कळेना. १८४९ मध्ये स्पॅनिश गव्हर्नर-जनरल नार्सिसो क्लाव्हेरियाने आडनावांची वर्णानुक्रमे यादी काढली आणि तिची पानं प्रांतोप्रांती वाटली. वाट्याला आलेल्या पानातलं नाव कुटुंबाने उचलायचं. म्हणून आल्बाय प्रांतातल्या ओआसमध्ये आजही ‘आर’ने सुरू होणाऱ्या आडनावांची रांग लागते. बघणाऱ्याला वाटावं, सगळी भावकी. भावकी कसली, एका पानावरची माणसं!

दक्षिण कोरियात तर २०१५ च्या जनगणनेत एक कोटीहून जास्त किम निघाले. नुसतं किम सांगून काही कळत नाही, म्हणून कुळाचं ठिकाण जोडतात: गिम्हेचे किम, ग्योंगजूचे किम. एकाच ठिकाणच्या किमांना आपसांत लग्न करायला कायद्याने मनाई होती. १९९७ मध्ये घटना न्यायालयाने ती घटनाबाह्य ठरवली.

तुर्कस्तानात आडनाव सक्तीचं झालं ते १९३४ च्या कायद्याने. तिथल्या नकाशावरून शे-दोनशे वर्षं मागे जायला निघालात तर वाटेतच अडकाल.

तेव्हा नकाशा राहू द्या. घरातला सगळ्यात जुना कागद शोधा आणि त्यावर आडनाव आहे का, ते आधी बघा. पुष्कळदा तिथे माणसाचं नाव असतं, बापाचं असतं, आणि पुढची जागा कोरी.